सोनोग्राफीचा प्रोब पोटावर फिरतो तेव्हा

आमच्या धाकट्या भावाच्या बायकोला, म्हणजे आमच्या दुल्हनला, पाचवा महिना लागला आणि डॉक्टरांनी दुसरी सोनोग्राफी लिहून दिली. अम्मींनी चिठ्ठी वाचून घेतली आणि घडी घालून बाजूला ठेवली. "एक बार निकाला ना फोटो? अब दूसरी बार कायकू? किरणांचा शेक लागतो बाळाला." दुल्हन आधीच घाबरट. तिने सासूकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले.

अम्मींची भीती हवेतली नव्हती. तरुणपणी त्यांचा खोकला बरेच दिवस हटत नव्हता, म्हणून छातीचा एक्स-रे काढायला नेले होते. तिथल्या माणसाने आधी विचारले, "बाई, दिवस गेलेले नाहीत ना?" ते एक वाक्य अम्मींनी चाळीस वर्षे जपून ठेवले आहे. आणि एक्स-रेपुरते ते बरोबरच आहे. चूक एवढीच, की आपल्या घरांत एक्स-रे, सीटी स्कॅन आणि सोनोग्राफी या सगळ्यांना ‘फोटो’ हा एकच शब्द चालतो.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञानाचे सर रजेवर असले की नववीचा तास आमच्याकडे येतो, त्यामुळे ‘ध्वनीचा अभ्यास’ हा धडा आम्ही मुलींच्या बरोबरीनेच शिकलो. सोनोग्राफीत किरण नसतात, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी असतो, एवढे आम्हाला सांगता आले. "आवाज? मग ऐकू का येत नाही? आणि आवाजाचा फोटो कसा निघतो?" अम्मींनी विचारले. पुढचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

तालुक्याच्या ठिकाणी गेलो तर मशीन बंद. प्रोब हातातून निसटून फरशीवर पडला होता आणि नवा कधी येईल ते कोणी सांगत नव्हते. मग सकाळच्या गाडीने गोंदिया. सोबत अम्मीही आल्या, बहुधा आमच्यावर नजर ठेवायला. नशिबाने तिथे लेडी डॉक्टर होत्या. तपासणी चालू असताना आम्ही विचारले, की एक प्रोब पडला तर अख्खे मशीन बंद कसे पडते? त्या म्हणाल्या, "याच्या आत सिरॅमिक असते, चिनी मातीच्या जातीचे. तडा गेला की तेवढ्या भागाचा आवाज बंद. पडद्यावर तिथे काळा पट्टा दिसतो."

"कप-बशीवाली चिनी माती?" अम्मींनी एकदम विचारले. डॉक्टर हसल्या. मग पडद्याकडे पाहत गंभीर झाल्या. वार जरा खाली होती. या महिन्यात असे बऱ्याच जणींचे दिसते आणि पोट वाढते तशी ती बहुतेक वेळा वर सरकते. पण सरकली की नाही हे आठव्या महिन्यात पुन्हा बघावेच लागेल. वार बाळाच्या वाटेवरच राहिली, तर घरी किंवा लहान दवाखान्यात कळा सुरू झाल्यावर रक्तस्राव इतका होऊ शकतो की आई हाती लागत नाही. ते आधी कळले तर सिझेरियनची तयारी ठेवता येते.

म्हणजे तिसरी सोनोग्राफी. परतीच्या गाडीत अम्मी गप्प होत्या. आठवा महिना यायला अजून वेळ होता, आणि तेवढ्यात आम्हाला ती चिनी माती नीट समजून घ्यायची होती.

सुरुवात स्वयंपाकघरातून झाली. शेगडी पेटवायचा जुना लायटर आम्ही गॅसपासून दूर, अंगणात उघडला. आत एक स्प्रिंग, एक छोटा हातोडा आणि पेन्सिलीच्या तुकड्याएवढी एक राखाडी कांडी. बॅटरी नाही, सेल नाही. खटका दाबला की हातोडा कांडीवर आदळतो, तिच्यात क्षणभर काही हजार व्होल्टचा दाब तयार होतो आणि तारेच्या टोकाशी ठिणगी उडते. कांडीला मार बसला आणि तिने वीज दिली, एवढाच मामला. अशा पदार्थांना पिझोइलेक्ट्रिक म्हणतात. ग्रीक भाषेत ‘पिझो’ म्हणजे दाबणे.

हे पहिल्यांदा दाखवून दिले ते १८८० साली पॅरिसमध्ये, झाक आणि पिएर क्युरी या दोन भावांनी. यातले पिएर म्हणजे पुढे रेडियमच्या शोधामुळे नावाजलेल्या मेरी क्युरींचे पती. गारेचे म्हणजे क्वार्ट्झचे स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार दिसतो, हे त्यांनी मोजून दाखवले. पुढच्याच वर्षी त्यांनी उलटी गोष्टही सिद्ध केली, की त्याच स्फटिकाला वीज दिली तर तो किंचित फुगतो किंवा आक्रसतो. सोनोग्राफीचा सगळा खेळ या दोन गोष्टींवर चालतो. विजेचे झटके दिले की प्रोबमधले सिरॅमिक सेकंदाला तीस-चाळीस लाख वेळा थरथरते. त्या थरथरीचा ध्वनी पोटात जातो. आपला कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतच ऐकतो, म्हणून अम्मींना काही ऐकू आले नाही. हा ध्वनी कुठे हाडावर, कुठे पाण्याच्या कडेवर, कुठे बाळाच्या गालावर आपटून परततो आणि त्याच सिरॅमिकला हलकासा धक्का देतो. आता ते धक्क्यातून वीज तयार करते आणि यंत्र ती मोजते.

म्हणजे तोंडही तेच आणि कानही तोच. आधी बोलायचे, मग लगेच गप्प बसून ऐकायचे. शरीराच्या मऊ भागातून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. दहा सेंटिमीटर खोलवरून प्रतिध्वनी परत यायला सेकंदाच्या दहा हजार भागांतले एखाद-दीड भागच लागतात. कोणता प्रतिध्वनी किती उशिराने आणि किती जोराने आला, याचा हिशोब मांडत यंत्र पडद्यावर चित्र काढते. आवाजाचा फोटो निघतो तो असा.

क्वार्ट्झ हा तसा सौम्य स्फटिक. पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या सुमारास, फ्रान्सच्या पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या चकत्या पोलादी पत्र्यांत दाबून पाण्याखाली ध्वनी सोडला आणि पाणबुड्यांचा माग काढण्याची रीत बसवली. पुढे जास्त जोरकस पदार्थ सापडत गेले. १९५० नंतरच्या काही वर्षांत शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून भाजून बनवलेले सिरॅमिक पुढे आले. त्याला थोडक्यात पीझेडटी म्हणतात. तेवढ्याच दाबाला चांगले पीझेडटी क्वार्ट्झच्या दोनशेपटींहून जास्त विद्युतभार देते. तुमच्या घरातल्या लायटरची कांडी त्याच घराण्यातली.

पण भट्टीतून निघालेले पीझेडटी लगेच कामाला लागत नाही. त्याच्या कणांच्या विद्युत दिशा सकाळच्या घंटेपूर्वीच्या शाळेच्या मैदानासारख्या असतात, ज्याचे तोंड जिकडे तिकडे. गरम तेलात ठेवून त्याला मोठा विद्युतदाब दिला की सगळे रांगेत येतात आणि थंड झाल्यावर बरेचसे तसेच राहतात. फार तापवले तर रांगा पुन्हा मोडतात. प्रोब उकळत्या पाण्यात टाकून निर्जंतुक करत नाहीत त्याचे एक कारण हे, आणि आतले चिकट थरही उष्णतेने सुटतात हे दुसरे.

पोटावर हा ध्वनी उपयोगाला आणणाऱ्यांत आघाडीवर होते ते स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड. बॉयलरच्या कारखान्यात लोखंडातल्या भेगा शोधायला जे ध्वनियंत्र वापरतात, ते पाहून त्यांना सुचले की लोखंडातली भेग दिसते, तर पोटातली गाठ का नाही दिसणार? १९५८ च्या जूनमध्ये त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. बायकांच्या पोटावर फिरणाऱ्या यंत्राचे माहेर बॉयलरचा कारखाना आहे, हे आम्ही दुल्हनला सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी हसली.

आता अडचण पाहा, कारण इथूनच खरी कारागिरी सुरू होते. पीझेडटी कडक आणि जड, आपले शरीर मऊ आणि पाणीदार. विहिरीत डोके बुडवले की काठावरचे बोलणे जवळजवळ ऐकू येत नाही, हे पोहणाऱ्या मुलांना माहीत असते. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरूनच माघारी फिरतो. दोन पदार्थ एकमेकांपासून जितके वेगळे, तितका ध्वनी त्यांच्या सीमेवरून परततो. ध्वनीला होणाऱ्या अडथळ्याच्या मापाने पीझेडटी आपल्या मांसापेक्षा वीसपटींहून भारी पडते. दोन्ही थेट भिडवले तर शंभरातली ऐंशीहून जास्त ऊर्जा आत न जाता मागे फिरते, आणि परतणारा क्षीण प्रतिध्वनी तर दारातच अडतो. पोटावर जी थंडगार जेली लावतात ती मधली हवा घालवण्यासाठी. सिरॅमिक आणि शरीर यांच्यातला फरक ती बुजवू शकत नाही.

मग मऊ पदार्थच का घेऊ नये? तेही झाले. १९६९ साली जपानच्या हेइजी कावाई यांनी दाखवले की पीव्हीडीएफ नावाचे एक प्लास्टिक ताणून त्याला विद्युतदाब दिला तर तेही पिझोइलेक्ट्रिक होते. पातळ पापुद्रा, वाकेल तसा वाकतो, शरीराशी आणि पाण्याशी जमते. ऐकायला चांगला, पण बोलायला अशक्त. त्याची ताकद पीझेडटीच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाएवढी.

एक जोरकस पण ताठ, दुसरा मवाळ पण दुबळा. आपल्याकडच्या जुन्या घरांत याचे उत्तर भिंतीत होते. नुसत्या मातीची भिंत तडकते आणि नुसत्या तणसाची उभी राहत नाही, म्हणून धानाची तणीस मातीत तुडवून भिंत घालायची. सिरॅमिक आणि प्लास्टिक, म्हणजे पाठ्यपुस्तकातले ‘बहुवारिक’, यांचा असाच संमिश्र पदार्थ करायचा. पण कसाही कालवून चालत नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट न्यूनहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडले, की दोन पदार्थ किती प्रमाणात घेतले एवढेच पाहू नका, कोणता पदार्थ कोणत्या दिशेने सलग आहे ते पाहा. सिरॅमिकची भुकटी प्लास्टिकमध्ये नुसती मिसळली, तर प्रत्येक कण प्लास्टिकच्या गादीत एकटा पडतो. दाब आणि वीज दोन्ही त्याच्यापर्यंत धड पोचत नाहीत. त्यापेक्षा सिरॅमिकचे बारीक खांब वरपासून खालपर्यंत सलग उभे ठेवा आणि मधल्या जागेत प्लास्टिक भरा.

हे करतात कसे, ते आमच्या मुलींना बर्फीच्या ताटावरून लगेच समजले. पीझेडटीची वडी घ्यायची. हिऱ्याची धार असलेल्या अतिशय पातळ चकतीने तिच्यावर उभ्या चिरा पाडायच्या, मग आडव्या. पण तळापर्यंत कापायचे नाही. बर्फीच्या वड्या तळाला चिकटून उभ्या राहाव्यात तसे खांब उभे राहतात, फक्त इथे एकेका खांबाची जाडी केसाच्या आसपास. मग मधल्या चिरांत पातळ इपॉक्सी राळ ओततात. ती घट्ट झाली की खालचा तळ घासून टाकतात. उरतो तो खांब आणि राळ यांचा पातळ पत्रा. मोजक्या शब्दांत त्याला ‘एक-तीन’ संमिश्र म्हणतात, कारण सिरॅमिक एका दिशेने सलग आणि राळ तिन्ही दिशांनी. आमचे गोंदिया हे नाव गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडले असे जुने लोक सांगतात. जंगलातला डिंक आणि लाख इथे विकायला येत असे. झाडाचा डिंक काय आणि कारखान्यातली राळ काय, दोन्ही बहुवारिकेच, हे वाचून आम्हाला उगाच अभिमान वाटला.

या मांडणीने दोन फायदे होतात. पत्र्याचा मोठा भाग आता हलकी राळ असल्यामुळे शरीराशी असलेला फरक निम्म्याहून कमी होतो. शिवाय अखंड वडीत प्रत्येक कण शेजाऱ्याने जखडलेला असतो, तर एकटा खांब मऊ राळेत मोकळेपणाने वरखाली होतो, त्यामुळे विजेचे कंपनात आणि कंपनाचे विजेत रूपांतर जास्त चांगले होते. म्हणून डॉक्टरांना चित्र अधिक स्वच्छ दिसते. सगळ्याच प्रोबमध्ये हा पत्रा असतो असे नाही. काहींत अजून अखंड सिरॅमिक असते, काही महागड्या प्रोबमध्ये वेगळ्या जातीचे स्फटिक. पण आज दवाखान्यांत फिरणाऱ्या प्रोबपैकी बऱ्याच प्रोबमध्ये ही चिनी माती आणि राळेची जोडीच काम करते.

समुद्राखाली ऐकणाऱ्या यंत्रांना तर या जोडीची फारच गरज. खोल पाण्यात दाब सगळीकडून येतो. पीझेडटीची अखंड वडी वरून दाबली तर एका बाजूची वीज देते आणि कडांनी दाबली तर उलट्या बाजूची. सगळीकडून दाबली की दोन्ही एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात आणि एवढे जोरकस सिरॅमिक बहिरे होऊन बसते. खांब आणि राळेच्या पत्र्यात कडांचा दाब राळ झेलते आणि वरचा दाब खांबांपर्यंत पोचतो. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेच्या पीझेडटी केंद्रात या सिरॅमिकवर बरीच वर्षे काम झाले आहे. ती संस्था पाषाण भागात आहे. दाबला की बोलणाऱ्या दगडाचे संशोधन पाषाणला व्हावे, ही गंमत भाषेच्या शिक्षकाला सोडवत नाही. तिथून जवळच असलेल्या आयसर संस्थेत डॉ. रामामूर्ती बूमीशंकर यांचा गट शिसे नसलेले सेंद्रिय पदार्थ लवचीक बहुवारिकात मिसळून, वाकवले-दाबले की वीज देणारे पापुद्रे तयार करतो.

शिशाचा मुद्दा लहान नाही. पीझेडटीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. प्रोबच्या बंद डबीत ते रुग्णाला लागत नाही, पण बनवताना आणि फेकून दिल्यावर त्याचे काय, हा प्रश्न उरतो. म्हणून मोडका लायटर मुलांच्या हाती फोडायला देऊ नका. आम्ही तो उघडला, पण कांडी तशीच ठेवली.

आता अम्मींच्या ‘शेका’कडे येतो. आम्ही समजत होतो की हा शब्द अगदीच चुकीचा आहे. तसा तो नाही. सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नसतात हे खरे, आणि इतक्या वर्षांच्या वापरात तपासणीच्या मात्रेने बाळाला इजा होते असे सिद्ध झालेले नाही. पण ध्वनी अंगात जिरतो तेव्हा त्याची थोडी उष्णता होतेच. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात ‘टीआय’ असा एक आकडा सतत दिसत असतो. ऊब किती वाढू शकते याचा तो अंदाज देतो आणि डॉक्टर तो खालीच ठेवतात. डॉक्टरांचा नियमही हाच, की गरजेपुरती आणि गरजेएवढाच वेळ. हौसेखातर बाळाचा चेहरा बघायला सोनोग्राफी करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितले, की प्रत्येक गरोदर बाईची चोविसाव्या आठवड्याआधी किमान एक सोनोग्राफी व्हावी. पुढच्या तपासण्या कारण असेल तर. दुल्हनच्या बाबतीत कारण होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिथे ही चौकशी करता येते.

आणि मुलगा की मुलगी, हे विचारू नये. तो कायद्याने गुन्हा आहे. असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, आपल्या महाराष्ट्राने केला आणि १९९४ मध्ये तो देशभर झाला. २०११ च्या जनगणनेत आमच्या गोंदिया जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. अम्मींना हा आकडा सांगितला तर त्या म्हणाल्या, "वो एक कहाँ गई?"

आठव्या महिन्यात पुन्हा तीच गाडी, तोच दवाखाना. या वेळी चिठ्ठी अम्मींच्या बटव्यात होती. डॉक्टरांनी जेली लावली, प्रोब फिरवला, बराच वेळ खालच्या बाजूला थांबल्या आणि म्हणाल्या, "वार वर सरकली आहे." दुल्हनच्या डोळ्यांत पाणी आले. अम्मींनी "अल्हम्दुलिल्लाह" म्हटले आणि पुढे वाकून पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले.

"डॉक्टरीणबाई, तो टीआय किती आहे?"

डॉक्टरांनी मान वळवून आधी अम्मींकडे पाहिले, मग पडद्याकडे.

"शून्य पॉइंट चार."

"बरं," अम्मी म्हणाल्या. "आणि तो प्रोब नीट ठेवा. पडला तर फुटतो."